चिंधी बांधलेले दोन गड्डे

आमच्या परसातल्या मांडवावर पहिलं काटवल धरलं तेव्हा मी तिशीच्या आत होतो, सरकारी शाळेत विज्ञान शिकवीत होतो, आणि वर्षभर पोटात ठेवलेलं एक खोटं नुकतंच कबूल करून बसलो होतो. अंगठ्याच्या नखाएवढं ते काटवल. त्याचा जेवढा आनंद मला झाला तेवढा पुढे कशाचाच झाला नाही. नोकरीत बढती मिळाली, घर झालं, मुलं शिकली, पण तो आनंद वेगळा होता. आता पन्नाशी ओलांडल्यावर तो सांगावासा वाटतो. मात्र खोटं आधी सांगितल्याशिवाय तो सांगता येणार नाही.

ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं. माझं नुकतंच लग्न झालं होतं. पांढुर्ण्यात जाम नदीच्या अंगाला, सावरगावच्या समोर, आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. न्हाणीच्या मागे थोडी मोकळी जागा होती. तिथे आधीच्या भाडेकरूने टाकलेला बांबूचा मांडव तेवढा उभा होता, त्यावर काही नव्हतं.

माझी सासुरवाडी तिगावची. पांढुर्ण्याहून नागपूरच्या उलट दिशेला निघालं की पुढचंच स्टेशन. सासरे लवकर गेले. सासूबाईंनी, ज्यांना मी मामी म्हणत असे, संत्र्याच्या बागांत मजुरी करून आणि पावसाळ्यात जंगलातल्या भाज्या आणून विकून घर चालवलं. त्यांच्या डोक्यावरच्या टोपलीत सगळ्यात जास्त मागणी असे ती काटवलाला. पुण्या-मुंबईकडे त्याला करटोली म्हणतात. बाहेरून मऊ काट्यांचं, आत कोवळ्या बियांचं, लिंबाएवढं फळ. वेल दरवर्षी वाळून जातो, पण जमिनीखाली गड्डा राहतो आणि पाऊस लागला की त्यातून पुन्हा कोंब येतो. गुडघे दुखायला लागले तेव्हा मामींनी जंगलातले चांगले गड्डे निवडून आपल्या कुंपणाला लावले. मुलीला मात्र त्यांनी कधी जंगलात नेलं नाही. तिला शिकवायचं म्हणून पाचवीपासून सौसरच्या वसतिगृहात ठेवलं. त्यामुळे माझी बायको मॅट्रिक झाली, पण काटवलाचं तिला खाण्यापलीकडे काही माहीत नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या बुद्धपौर्णिमेला आम्ही तिगावला गेलो. खीर खाऊन झाल्यावर मामींनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले सहा गड्डे माझ्यापुढे ठेवले. त्यातल्या दोघांना लाल चिंधी बांधलेली होती.

"सहाच्या सहा लावजा, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "जवळजवळ लावजा. अन् या दोन चिंध्या सोडू नका."

"काहून?" असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. कारण मला वाटलं, मला ते माहीत आहे.

माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातल्या सगळ्या असल्या गोष्टी बाहेर काढल्या होत्या. दारावरचं लिंबू-मिरची, पाळण्यावरची काळी बाहुली, मनगटातले गंडेदोरे. लहानपणी आम्ही भावंडं कोणाच्या हातात दोरा दिसला की त्याच्याशी वाद घालायचो. त्या घरात वाढलेला, वर विज्ञानाचा मास्तर झालेला मी, लाल चिंधी बघितली आणि ठरवून टाकलं की ही नजर लागू नये म्हणून आहे. बायको आठ दिवस माहेरी राहणार होती. परतीच्या गाडीत मी एकटाच होतो. गठुडं उघडलं, दोन्ही चिंध्या सोडल्या आणि खिडकीतून भिरकावल्या. एक चांगलं काम केल्यासारखं वाटलं. त्यानंतर ते सहा गड्डे सारखेच दिसत होते.

पाऊस लागला आणि सहाही गड्ड्यांना कोंब आले. आखाडात बायको माहेरी गेली, नव्या सुनांनी त्या महिन्यात माहेरी जावं अशी रीत असते म्हणून. त्याच दिवसांत दोन वेलांना फुलं आली. पिवळी, संध्याकाळी उमलणारी, उग्रसा वास असलेली. आठवडाभर रोज फुलं येत आणि गळून जात. मागे फळाचा पत्ता नाही. उरलेल्या चौघांना अजून कळीही नव्हती. शेजारच्या काकू, त्यांच्या घरी कापसाचा व्यापार होता आणि त्या हिंदीच बोलत, भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "मास्टरजी, ये दोनों बाँझ बेल हैं. इनको रखोगे तो बाकी की खुराक भी खा जाएँगी."

काकूंना दोष देत नाही. त्या बोलल्या, उपटले मी. आणि नुसते वेल कापले नाहीत, फावडं घेऊन गड्डे मुळासकट काढले आणि नदीकाठी फेकून आलो. मामींनी 'सहाच्या सहा' म्हटलं होतं ते मला आठवत होतं. म्हणूनच बायको परत आल्यावर मी सांगितलं, "दोन सडले. पाणी जास्त झालं."

"दोन्ही सडले?" तिने विचारलं.

"दोन्ही."

ते पहिलं खोटं.

मग उरलेल्या चार वेलांना फुलं आली आणि आम्ही दोघं हरखून गेलो. कारण यांच्या प्रत्येक फुलाच्या बुडाशी वाटाण्याएवढं काटेरी काटवल आयतंच होतं. बायकोने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं, इतकी होती. तिसऱ्या दिवशी ती पिवळी पडली. चौथ्या दिवशी खाली पडली. नवीन आली, तीही पडली. महिनाभर हेच. सकाळी झाडताना ती केराबरोबर त्यांचा ढीग करायची.

भादव्यात माझी मोठी बहीण आणि भाऊजी नागपूरहून आले. त्याच दिवशी मामीही आल्या. मुलीने त्यांना सांगितलंच होतं की दोन गड्डे सडले आणि उरलेल्यांना फळ धरत नाही, म्हणून त्या बघायला आल्या होत्या. बाहेर पाऊस होता, आधी जेवून घ्या म्हणून बायकोने त्यांना चुलीपाशी ताट वाढलं. आम्ही बाहेरच्या खोलीत जेवत होतो. मधे फक्त दार. मामींनी आतून विचारलं,

"जवाईबापू, ते चिंधीवाले दोन्ही हायेत ना?"

भाऊजींचा हात थांबला. ते आमच्यापेक्षाही कट्टर सुधारक. हसून म्हणाले, "चिंधी? काय मास्तर, तुमच्या घरी वेलाची बी नजर उतरवता का?"

माझी बहीण माझ्याकडे बघत होती. लाजेने माझे कान तापले. मी चिंध्या फेकल्या हे सांगितलं असतं तर भाऊजींनी पाठ थोपटली असती, पण मग वेल उपटल्याचंही निघालं असतं. मी दोन्हीकडून सुटायला बघितलं.

"आहेत, दोन्ही आहेत," मी मोठ्याने म्हणालो. आणि एवढ्यावर थांबलो नाही. "चिंधीनं काय होते? गड्डेच वांझोटे आहेत. चांगले बाजारात विकले असतील, जावयाला उरलेले दिले."

मी हसत म्हणालो होतो. भाऊजीही हसले.  थोड्या वेळाने आतून ताटावर दुसरं ताट पालथं घातल्याचा आवाज आला, मग हात धुतल्याचा. मामी पदर सारखा करत बाहेर आल्या, बहिणीला म्हणाल्या, "येतो मी, इहीनबाई, गाडीची वेळ झाली." गाडीला दोन तास होते. पाऊस पडत होता. परसात पाऊल न टाकताच त्या गेल्या.

 दुसऱ्या दिवशी बायको एवढंच म्हणाली, "माही आई भरल्या ताटावरून उठली. आजवर कोणाच्याच घरून उठली नव्हती."

त्यानंतर मामी आमच्याकडे येत, पण उंबऱ्यापर्यंत. ओट्यावर बसून मुलीशी बोलत. पाणी दिलं तर म्हणत, "तिगावून पिऊन निघाली मी." चहा तर नाहीच. एवढं आठ-दहा वेळा तरी झालं. प्रत्येक वेळी मी घरात काहीतरी शोधत असल्यासारखा फिरायचो आणि त्या गेल्यावरच बाहेर यायचो. माफी मागायचं मनात येई. पण माफी मागायची तर खोटं उघडं करावं लागणार, आणि खोटं उघडं करायचं धाडस नव्हतं.

दुसऱ्या पावसाळ्यात चारही वेल पुन्हा फुटले. पुन्हा फुलं, पुन्हा बारीक काटवलं, पुन्हा केरात ढीग. बायकोने या वेळी मोजायचा विचारही केला नाही. मला मात्र मनात कुठेतरी बरं वाटत होतं, आणि हे कबूल करायला सगळ्यात कठीण जातं. फळ न धरणं म्हणजे मी बोललो ते खरं ठरणं, असा माझा हिशेब होता.

श्रावणात नववीच्या वर्गात फुलांचा धडा आला. आमची शाळा हिंदी माध्यमाची. तो धडा मी दरवर्षी शिकवत असे. एकाच फुलात दोन्ही अंगं असणारी झाडं, एकाच झाडावर दोन प्रकारची फुलं असणारी झाडं, आणि तिसरी, जिथे नर वेगळा, मादी वेगळी. उदाहरण पपईचं. मी फळ्यावर लिहिलं, 'नर पौधे के बिना मादा पौधे में फल नहीं बनते.' पूर्णविराम दिला. आणि खडू तिथेच राहिला.

पोरं वह्यांत उतरवून घेत होती. मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो. सहा गड्डे. दोन चिंधीवाले. फुलं येतात, फळ येत नाही असे दोन वेल. फुलाच्या बुडाशी फळ घेऊन येणारे आणि ते गाळणारे चार. वर्षानुवर्षं जे लिहून देत होतो ते सगळं माझ्याच परसात उभं होतं, आणि त्यातलं अर्धं मी फावड्याने काढून नदीकाठी टाकलं होतं. चिंधी नजरेसाठी नव्हतीच. उन्हाळ्यात वेल वाळला, पान राहिलं नाही, नुसते गड्डे उरले की नर कोणता ते कळावं म्हणून ती खूण होती. मामींनी माझ्या हातात आदल्या वर्षीच्या वैशाखातच उत्तर दिलं होतं.

शाळा सकाळची होती. दुपारी घरी आलो तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. मी सायकल भिंतीला लावायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, कारण सायकल लावली असती तर कदाचित सांगितलं नसतं. चिंध्या, फावडं, 'सडले', 'दोन्ही आहेत'. सगळं.

ती सूप खाली ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे माही आई खरी होती."

"हो."

"अन् तुमाले माहीत होतं का वेल तुमी उपटले."

"हो."

"मले सांगून काय फायदा," ती म्हणाली. सूप पुन्हा उचललं. "तिगावले जा. दुपारची पॅसेंजर हाये अजून."

मामी ओसरीत पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल लावत होत्या. मला एकट्याला बघून त्यांना वाटलं मुलीला काही झालं. मी म्हणालो, ती बरी आहे, मीच आलोय. आणि उभ्याउभ्याच सांगितलं. वर्गात पोरांना प्रश्नाचं उत्तर द्यायला उभं करतो तसा मी उभा होतो.

"दोन्ही उपटले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गड्ड्यासकट?"

"गड्ड्यासकट."

त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या, पण मी तयारी केली होती ते नाही.

"यंदाच्या वैशाखात तिघीजणी गड्डे मागाले आल्या माह्याकडं," त्या म्हणाल्या. "मी नाई दिले. म्हटलं, आता आपली नजर गेली. नर कोणता, मादी कोणती, वळखू येत नाई. शिकलेला माणूस खोटं काहून सांगन? चुकलं असन आपलंच."

मी खाली बसलो. ताटावरून उठल्याचं मला वाईट वाटत होतं, वर्षभर वाटत होतं. पण हे मला माहीतच नव्हतं. चाळीस वर्षं जंगलात गड्डे ओळखणाऱ्या बाईने माझ्या शब्दावर स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला होता.

"मामी, तुमचं काही चुकलं नव्हतं."

"ते आता समजलं ना," त्या म्हणाल्या. मग किंचित हसल्या. "मास्तर हाये तुमी. पोरायले काय शिकवता मंग?"

"हेच शिकवतो."

"हेच?" त्या मोठ्याने हसल्या, गुडघा धरून हसल्या. मी पण हसलो, पण माझे डोळे भरले होते.

मी म्हणालो, एखादा नर वेल आत्ताच नेऊन लावतो. त्यांनी मान हलवली. "फुलावर आलेला वेल हलवला का मरते. वैशाखाच्या पह्यले नाई." त्यांच्या कुंपणावर दोन नर वेल फुलांनी पिवळे होऊन गेले होते. मला सुचलं, वेल नाही तर फुलं नेता येतील. नराची फुलं घेऊन आमच्या मादीच्या फुलांना लावली तर?

"फुलं नेऊन?" त्या म्हणाल्या. "आगगाडीनं?"

"आगगाडीनं."

"न्या बापा," त्या म्हणाल्या. "माह्या बापानं नाई पाह्यलं असं."

त्या दिवसापासून माझी ये-जा सुरू झाली. शाळा सुटली की घरी येऊन भाकर खायची, जेवणाचा रिकामा डबा घ्यायचा, आत ओलं फडकं. दुपारची गाडी तिगाव. तिथे फुलं तोडायची. संध्याकाळी नागपूरकडे जाणारी पॅसेंजर धरून पांढुर्णा. दिवे लागायच्या आत घरी पोचायचं, कारण मादीचं फूल तेव्हाच उमलतं आणि सकाळपर्यंत त्याचं काम संपतं.

पहिले तीन दिवस वाया गेले. आदल्या संध्याकाळी उमललेली फुलं मी तोडत होतो. पांढुर्ण्यापर्यंत ती चिंधीसारखी मऊ पडायची. चौथ्या दिवशी मामी काठी टेकत कुंपणापर्यंत आल्या.

"ही नाई. ही मेली. ही पाहा, टोक पिवळं झालं, पण तोंड बंद हाये. ही आज उघडन. हिला न्या." त्यांनी एक तोडली, दुसरी तोडली. बोटांना बघायचीही गरज पडत नव्हती. डबा भरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "वळखू येते ना अजून?" आणि उत्तर मीच द्यायचं आहे अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

"येते," मी म्हणालो.

गाडीतल्या रोजच्या मंडळींना आठवड्यातच कळलं. दुधाचे डबे घेऊन चढणारा एक गवळी माझ्यासमोर बसायचा.

"मास्तर, डब्यात काय लपवून राहिले रोज?"

"फुलं."

त्याने झाकण उघडून बघितलं. "कळ्या हायेत या. कोणाले देता? बायको रुसली का?"

"सासू रुसली."

"सासूले फुलं?" तो गाडीतल्या सगळ्यांकडे वळला. "ऐका हो. बायकोले कोणी फुलं देत नाई अन् हे सासूले देऊन राहिले."

"सासूकडून घेऊन चाललो," मी म्हणालो. मग सगळंच सांगितलं. ज्या गोष्टीची वर्षभर लाज वाटली ती अनोळखी माणसांना सांगताना जड गेली नाही, उलट हलकं वाटलं. गवळ्याने नंतर कधी थट्टा केली नाही. एकदा गाडी पांढुर्ण्याच्या बाहेर सिग्नलला अडकली, उजेड कमी होत होता. त्यानेच दार उघडून सांगितलं, "उतरा मास्तर, पायी जा. तुमच्या कळ्या इथंच उघडतीन." मी रुळाच्या कडेने डबा छातीशी धरून पळालो. विज्ञानाचा मास्तर असा पळताना ज्यांनी बघितला त्यांना काय वाटलं असेल, देव जाणे असं मी म्हणत नाही, पण कोणी ना कोणी जाणत असेलच.

फुलं लावायचं काम बायकोचं. नराच्या कळीच्या पाकळ्या हलकेच मागे करायच्या आणि आतला पिवळा भाग मादीच्या फुलाला टेकवायचा. माझा हात जड, दोन फुलं मोडली, तेव्हा तिने डबा काढून घेतला. मी कंदील धरायचो. फूल लावून झालं की त्या देठाला ती शिवणाचा लाल दोरा बांधायची, कुठलं झालं, कुठलं राहिलं ते कळावं म्हणून. पहिल्या दिवशी तिने दोरा काढला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग तिने तो दाताने तोडला. 

मामींनी निवडलेल्या कळ्या लावायला लागल्यापासून चौथ्या की पाचव्या सकाळी मी दात घासत होतो. ती झाडत होती. झाडणं थांबलं.

"ऐकलं का. इकडं या."

लाल दोऱ्याचं एक काटवल खाली पडलं नव्हतं. पिवळंही नव्हतं. हिरवं होतं, देठ जाड झाला होता आणि ते खाली झुकायला लागलं होतं. तिने बोटाने हलकेच ढकलून पाहिलं. धरलेलं होतं. त्याच्या शेजारी दुसरं. मग भिंतीच्या बाजूला अजून तीन. आम्ही दोघं मांडवाखाली वाकून एकेक दोरा शोधत फिरलो, माझ्या तोंडात पेस्ट तशीच. भिंतीवरून काकू म्हणाल्या, "क्या हुआ, मास्टरजी, साँप निकला क्या?"

"फल लगे हैं, काकी," बायको म्हणाली. तिचा तसा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता.

साडेतीन आठवडे मी फुलं वाहिली. शेवटी शेवटी मांडव वरून हिरवा आणि खालून काटेरी दिसायला लागला. पहिल्या तोडणीच्या आधी बायकोने एक अट घातली. "आई इथं जेवली पायजे. अन् त्या दिवशी जे होते ना, तेच लोक पायजेत. ताई, भाऊजी. तुमी बोलले त्यायच्यासमोर, तर खोटं कबूल कराचं बी त्यायच्यासमोर."

मी नागपूरला कार्ड टाकलं. मामींना आणायला स्वतः गेलो. वाटलं होतं, त्या 'पाहू' म्हणतील. त्यांनी धुतलेलं लुगडं आधीच नेसलेलं होतं.

घरी पोचल्यावर त्या ओट्यावर थांबल्या नाहीत. वर्षानंतर पहिल्यांदाच उंबरा ओलांडून सरळ मागे गेल्या. मांडवाला हात टेकवून उभ्या राहिल्या. पानं बाजूला केली, फळं बघितली, दोरे बघितले. "हा दोरा कोणं बांधला?" बायको म्हणाली, "मी." मामींनी तिच्याकडे असं बघितलं की जणू ती वसतिगृहातून सगळे पेपर पास होऊन आली होती.

या वेळी आम्ही आत-बाहेर केलं नाही. एकाच पंगतीला बसलो. कांदा आणि तीळ घालून परतलेली काटवलाची भाजी, जवारीची भाकर, वरण, भात. मामींच्या ताटात भाजी पडली आणि त्यांनी हात लावायच्या आत मी बोललो. बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरलो. साध्या शब्दांत सांगितलं, की गेल्या वर्षी याच घरात मी खोटं बोललो. दोन नर वेल मीच उपटले होते. चिंध्या मीच फेकल्या होत्या. मामींचे गड्डे चांगले होते, त्यांनी सांगितलेलं शास्त्र होतं, आणि ते शिकवायचा पगार मिळत असून मला कळलं नव्हतं.

बहीण ताटाकडे बघत राहिली. भाऊजींनी चष्मा काढून पुसला.

"मास्तर," ते म्हणाले, "मी त्या जागी असतो तर मी बी फेकल्या असत्या." मग मामींकडे वळून म्हणाले, "मावशी, मी हसलो होतो त्या दिवशी. ते बी चुकलंच."

"जेवा आता," मामी म्हणाल्या. "थंडी होऊन राहिली भाजी." आणि पहिला घास त्यांनीच घेतला. आम्ही सगळे थांबलो होतो, त्यांच्या तोंडाकडे बघत. त्या चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीठ कमी हाये," आणि ताट पुढे केलं. "वाढ अजून."

बायको वाढताना हसत होती. मला ती भाजी खारट लागत होती की अळणी, सांगता येणार नाही. मी दोनदा घेतली.

पुढल्या वैशाखात मामी स्वतः आल्या, गठुडं घेऊन. दोन गड्डे, दोघांना लाल चिंधी. आमच्या चार माद्यांच्या मधोमध त्यांनी ते स्वतःच्या हाताने लावले आणि चिंध्या काढून शेजारी रोवलेल्या काठ्यांना बांधल्या. त्या पावसाळ्यात आगगाडीची गरज पडली नाही. संध्याकाळी फुलं उमलली की पतंग यायचे आणि सकाळी काम झालेलं असायचं. आम्ही खाल्ली, वाटली, नागपूरला पाठवली. वर्गात मी पपईऐवजी काटवलाचं उदाहरण द्यायला लागलो, आणि उपटण्याचंही सांगायला लागलो. पोरं हसायची. हसलेलं त्यांच्या लक्षात राहायचं.

त्या दिवशी गड्डे लावून मामी हात धूत होत्या तेव्हा काकू भिंतीवरून म्हणाल्या, "हमको भी दो ना, अम्मा." मामींनी गठुड्याच्या तळातून अजून पाच काढले, त्यातल्या काहींना लाल चिंधी होती. ते त्या घेऊनच आल्या होत्या. दुसऱ्या आळीतल्या दोघी बायकाही आल्या. मामी आमच्या ओट्यावर पाय लांब करून बसल्या आणि एकेक गड्डा हातात घेऊन, उलटा-सुलटा करून वाटत गेल्या.

काकूंनी चिंधीला हात लावला. "ये किसलिए? नजर के लिए?"

मामींनी माझ्याकडे मान वळवली. "सांगा, मास्तर. तुमी चांगलं सांगता."

मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं. नर वेल, मादी वेल, परागकण, सगळं, फळ्यावर सांगतो तसं. मामी लक्ष देऊन ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी मान डोलावली.

"हा," त्या म्हणाल्या, आणि काकूंच्या हातातल्या गड्ड्याची सैल झालेली चिंधी पुन्हा घट्ट बांधली. "तेच."